रुमालाखालचं बोट

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला हार घातलेला नाही.

तामसी गावची वांगी टोपलीत घेऊन मी आदिलाबादच्या बसस्टँडवर बसायचो. आज माझी स्वतःची जिनिंग आहे. मधलं सगळं घासाघीस करून मिळवलेलं, कुणाच्या मेहेरबानीनं नाही. तरी आमच्या व्यापारी संघाचे अध्यक्ष — कापसाचे जुने शेठ — भर बैठकीत मला ‘टोपलीवाला’च म्हणायचे. सगळे हसायचे. मी विसरलो नाही. काऊन विसरू?

विधानसभेचं अधिवेशन जवळ आलं. आमदार म्हणाले, दिवस थोडे आहेत, तुमची एकच मागणी लावून धरतो. संघाच्या दोन होत्या — कापसावरचा बाजार कर कमी करा, आणि भाजीवाल्यांना पक्कं शेड द्या. कापूस ठरला तर हैदराबादला मी जाणार. शेड ठरलं तर कमलाबाई. ती माझ्याच शेजारी टोपली मांडायची — अजून उन्हातच मांडते.

भांडण नको म्हणून जुन्या बाजाराची रीत काढली. रुमालाखाली मत. शेडला एक बोट धरायचं, कापसाला दोन. भाव करण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, म्हणून सगळ्यांनी माझाच हात धरायचा असं ठरलं. एकोणीस जण आले, धरून गेले. मी मोठ्यानं सांगितलं — कापूस अकरा, शेड आठ.

“पुन्यांदा पाहा ना, भाऊ,” कमलाबाई म्हणाली.

मी भडकलो. रुमाल तिच्यासमोर आपटला. “माह्यावर भरोसा नाही? मंग तूच मोज, बाई!”

ती खाली बसली. कोण मोजणार होतं?

हैदराबाद मी गाजवलं — खोटं कशाला बोलू? तीन दिवस एकेका साहेबाच्या दारात बसलो, उठवलं तरी उठलो नाही. सभागृहात कर कमी केल्याची घोषणा झाली. परतलो तर स्टेशनवर ढोल! अध्यक्षांनी स्वतः हार घातला. “आपल्या टोपलीवाल्यानं हैदराबाद जिंकलं!” तोच शब्द — आणि त्या दिवशी कुणी हसलं नाही. आठवलं की छाती अजून फुगते.

गर्दीतून कमलाबाई आली. वांग्यांची पिशवी माझ्या हातात ठेवली. “पुढल्या खेपेला आमचं शेड आणसान, भाऊ.”

आणि आता ते — जे सांगायला बसलो ते. आकडे उलटे होते. अकरा जणांनी एकच बोट धरलं होतं. शेड जिंकलं होतं. त्या अकरांत अध्यक्ष होते. रुमालाखाली त्यांनी माझं बोट धरलं — एकच — आणि टोपलीवाल्याला हैदराबादला पाठवायचं नाही, हे मला कळावं म्हणून घट्ट दाबलं. मला कळलं होतं. मोजण्यात माझी चूक झाली नव्हती.

त्या वांग्यांचं घरी भरीत झालं. मी दोनदा मागून घेतलं.