बालीगंजची काच धापाच्या शेतात

दोन दिवस बालीगंजच्या आमच्या बाजारात भाजीवाली मालती मासी दिसली नाही. शेजारची मासेवाली म्हणाली, "पायात काच घुसली. धापाला घरीच पडून आहे." धापा म्हणजे कलकत्त्याचा कचरा जातो ती जागा. त्याच कचऱ्यावर फ्लॉवर पिकतो आणि तोच आपण खातो.

मला कसंतरी झालं. कारण आमची मुरांब्याची बरणी मागच्याच आठवड्यात फुटली होती. रद्दी, बाटल्या, डबे आम्ही बिक्रीवाल्यासाठी, म्हणजे भंगारवाल्यासाठी, वेगळे ठेवतो, तो रविवारी येतो. पण फुटकी काच आई घरात एक रात्र ठेवू देत नाही, अपशकुन म्हणून. "सालपटांत गुंडाळ आणि टाक बादलीत." मी टाकली होती.

शनिवारी सकाळी निघाले. आठवीनंतर शाळा सोडलीय, त्यामुळे वेळच वेळ. तोपसियापर्यंत बस, पंधरा पैसे. पुढे कालव्याच्या कडेने तासभर चालायचं. कुणाला जायचं असेल तर चपला घालू नका, बूट घाला. आधी कातडी कमावण्याच्या कारखान्यांचा वास येतो, मग कचऱ्याचा, मग कुठलाच येत नाही. कचऱ्याच्या लॉऱ्या रिकाम्या होतात तिथे डोंगर झालाय आणि त्याच्या पायथ्याशी हिरवेगार वाफे. दिसायला छान दिसतं.

मासी दारात पाय लांब करून बसली होती. पायाला फडकं. शेजारी टोपलीभर काचा, शेतात वेचलेल्या.

"अगं खुकी, तू? भाजी घ्यायला इतक्या लांब?" (खुकी म्हणजे पोरी. बोलणं बंगालीतच झालं.)

मी खाली बघत म्हटलं, "आम्ही पण काच टाकली होती. सालपटांत."

"टाकणारच. सालपटांतली दिसत नाही ना, तीच लागते." मग हसली. "तुझीच होती असं कशाला? अख्खं शहर टाकतं. वेगळी दिली तर काचवाला वजनावर घेतो."

पायाचं तिला फार नव्हतं. बाजारातली जागा जाईल याची भीती होती. तीन दिवस रिकामी राहिली की दुसरा कुणी बसतो, मग उठत नाही. नवरा पहाटे वाफ्यांना पाणी देतो, त्याला येता येत नाही. तिने एक पोतं माझ्या हातात दिलं.

"उद्या पहाटे अंथर आणि सांग, मालतीची जागा आहे, बुधवारी येणार आहे."

"मी सांगू?"

"मग काय पोतं सांगेल?"

दुपारी घरी आले. आईला सगळं सांगितलं. तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "घरात नको. जिन्याखाली डबा ठेव काचेचा. जिना काही आपल्या घरात येत नाही." डब्यावर मी खडूने काच असं लिहिलं, मराठीत आणि बंगालीत.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पोतं अंथरलं. मुळ्याची पाटी घेऊन एक माणूस आला.

"सरक गं. कुणाची जागा?"

"मालती मासीची."

"काय?"

"मालती मासीची! बुधवारी येणार आहे!"

मासेवाली खो खो हसली. "बाप रे, हिला आवाज आहे!" तो माणूस पुटपुटत पलीकडे गेला. नंतर आणखी चौघांनी विचारलं. चौघांनाही सांगितलं.

धापाचा वास केसांतून दोन दिवस गेला नाही. त्या दिवशी बाजार उठल्यावर घरी आले तर आई म्हणाली, "इतका वेळ बाजारात होतीस, भाजी कुठंय?" भाजी आणायची राहूनच गेली होती.