सगळ्यांचा डावा खुबा

इथले भुताखेतांचे अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते. मैत्रिणींना मोठ्यानं वाचून दाखवते आणि आम्ही पोट धरून हसतो. राग मानू नका, पण खरं तेच सांगतेय. बारामतीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी कॅज्युअल्टीची नर्स आहे. अपघात, सर्पदंश, हार्ट अटॅक, जे दारात येईल ते आधी आमच्या हाती पडतं. मेलेली माणसं इतकी पाहिलीत की भुताखेतांची भीती कधीच गेली. मेलेला माणूस कुणाचं काही वाकडं करत नाही हो… करतात ती जिवंतच. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसं लिहितेय.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी सकाळची ड्युटी होती. चहाचा कप ठेवते न ठेवते तोच धाकट्या भावाचा, सोपानचा फोन आला. माहेर निमगाव केतकीचं, आई नाही, आप्पा आणि तो दोघंच असतात.

"ताई, आप्पा गोठ्यात घसरून पडल्यात. उभंच ऱ्हाता येईना. गाडीत घालून इंदापूरला चाललोय."

मी काही विचारायच्या आत फोन कट. तशीच उठून निघावंसं वाटलं. पण निघणार कशी? एक सिस्टर रजेवर, दुसरी ऑपरेशनला… माझ्या जागी उभं राहायला कुणीच नव्हतं. तरी जीवाला एक आधार होता. इंदापूरच्या त्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला रेखा होती.

रेखा म्हणजे माझी नर्सिंगची मैत्रीण. हॉस्टेलला एका खोलीत राहिलो, एकमेकींच्या साड्या नेसलो. आप्पा मला भेटायला यायचे तेव्हा भाकरी-ठेचा दोघींपुरता बांधून आणायचे. माझ्या लग्नात हळद वाटायला सगळ्यात पुढे हीच. सख्खी बहीण नाही मला, पण ती उणीव हिनं कधी जाणवू दिली नाही.

तासाभरानं तिचाच फोन आला. "आलेत गं आप्पा. पायाचं फ्रॅक्चर वाटतंय, एक्स-रे झाला की कळवते. हाडांचे डॉक्टर दुपारी येतील. मी इंजेक्शन दिलंय, निवांत पडलेत. तू ड्युटी संपवून ये. माझेही आप्पाच आहेत ते."

मी देवाचे आभार मानले. रेखाचे त्याहून जास्त.

आता पुढचं नीट वाचा. गुऱ्हाळावरचा एक माणूस सकाळीच आला होता. उकळता रस हातावर उडून मनगट भाजलेलं. आमच्याकडे पद्धत आहे — कुठं दुखतंय आणि शून्य ते दहामध्ये किती, हे दर थोड्या वेळानं विचारायचं. आकड्याचं म्हणाल तर गावाकडची माणसं हसतात. "लई दुखतंय" हाच त्यांचा आकडा. तर रेखाचा फोन ठेवून मी त्याच्याकडे गेले आणि विचारलं, कुठं दुखतंय?

"हाताचं सोडा ओ सिस्टर. ह्यो डावा खुबा… आत कोन खिळा ठोकतंय बघा."

खुब्याला ना जखम, ना सूज. पडलास का? न्हाय. मुका मार? न्हाय. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पाय हलवून पाहिला, एक्स-रे काढला. एकदम चोख.

शेजारच्या बेडवर एक बाई होत्या. कांदा काढताना बोटाला विंचू चावलेला. विंचू म्हणजे काय असतं, ते चावल्याशिवाय कळायचं नाही, ज्याचं जळतं त्याला कळतं. पण मी विचारल्यावर बाईंनी बोट पुढे केलंच नाही. डाव्या खुब्यावर तळवा दाबून धरला आणि म्हणाल्या, "हितं. इंगळी बोटाला चावली आन् कळ हितं कशी काय आली, बाई?"

मला वाटलं, मघाचं त्यांनी ऐकलं असेल. दुखणं ऐकूनही लागतं कधीकधी.

पण मग शेखभाभी आल्या. त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. तीन-चार वर्षांच्या नातीनं नाकात मणी घालून घेतलेला. त्या आत्ताच दारातून आलेल्या, आधीचं काहीच ऐकलेलं नाही. मी त्या पोरीला मांडीवर घेतलं आणि लाडानं विचारलं, "कुठं बाऊ झालाय?" पोरगीनं नाकाला हातसुद्धा लावला नाही. इवल्याशा हातानं डावा खुबा धरला आणि असा टाहो फोडला…

"अगं बाई, मणी नाकात हाय आन् ही कमरंला का धरतीय?" भाभी घाबरल्या.

डॉक्टर आधी हसले. "सिस्टर, आज खुब्याची साथ आलीय का?" त्यानंतर पोटदुखीचा एक कॉलेजचा मुलगा आला. त्यानंही तोच खुबा धरला. मग डॉक्टर हसायचे थांबले. मला एकदम आप्पा आठवले. आप्पांचा पाय मोडलाय एवढंच मला माहीत होतं. कुठला पाय, कुठं मोडला, काही माहीत नव्हतं. रेखाला दोनदा फोन लावला. उचलला नाही.

दुपारी बदली सिस्टर येताच मी स्कूटी काढली. लासुर्णे, शेळगाव, मग आमचं निमगाव… घराकडे मानसुद्धा वळवली नाही, सरळ इंदापूर गाठलं.

आप्पा बेडवर होते. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेलं. नर्सला एक्स-रे लागत नाही तिथं. डावा खुबा मोडलेला होता. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले, बेडची दांडी इतकी आवळून धरलेली की बोटं पांढरी पडलेली. नाडी नुसती पळत होती. याला निवांत म्हणतात?

मी रेखाला बाहेर नेलं. "कुठलं इंजेक्शन दिलंस?"

तिनं हसत सांगितलं, ते हसणं मी विसरणार नाही. "अगं, पाणी दिलं. म्हाताऱ्यांना आधी पाणीच देते मी. आणि बघ, लगेच गप्प झाले! म्हणजे फार दुखत नव्हतंच."

बाहेरच्यांना सांगते, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. डॉक्टर लिहून जातात, 'दुखल्यास द्या'. दुखतंय की नाही हे ठरवायचं आमच्यातल्याच कुणीतरी. मग काहीजणी परीक्षा घेतात, नुसतं निर्जंतुक पाणी टोचतात. पेशंट शांत झाला तर तो नाटकी ठरतो. माणूस विश्वासानंही घटकाभर शांत होतो, त्याचं दुखणं खोटं होत नाही, हे आम्हा दोघींना एकाच वर्गात शिकवलं होतं.

"रेखा, खुबा मोडलाय त्यांचा!"

"एक्स-रे पाहिलाय मी. पण औषधानं श्वास मंदावला असता तर? सवय लागली असती तर? आणि ते परत दुखतंय म्हणालेच नाहीत."

"मग फोनवर मला खोटं का सांगितलंस?"

"तुला टेन्शन नको म्हणून गं."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या कॉरिडॉरमध्ये कळलं. परक्या बाईनं केलं असतं तर भांडले असते, तक्रार केली असती. हिच्याकडे पाठ फिरवून मी तशीच आत गेले.

ड्युटीवरच्या डॉक्टरांना गाठलं, खरं औषध घेतलं आणि माझ्या हातानं दिलं. श्वासावर नजर ठेवून शेजारीच बसले. हळूहळू आप्पांची बोटं दांडीवरून सुटली. डोळ्यांतून पाणी आलं.

"आप्पा, सांगितलं का नाही कुणाला?"

"कसं सांगायचं? तुझी मैतरीण म्हणली, आता दुखायचं न्हाय. मी दुखतंय म्हणलो असतो तर पोरीला वाईट वाटलं असतं. तुजं नाव खाली गेलं असतं. मग बसलो दात आवळून."

मी तिथंच ढसाढसा रडले. थोड्या वेळानं बारामतीहून आमच्या डॉक्टरांचा फोन आला. "काय हो, तुमचे खुब्याचे पेशंट एकदमच बरे झाले! विंचूवाल्या बाई आता बोट धरून ओरडतायत. गुऱ्हाळवाला म्हणतो, खिळा निघाला." कधी, विचारलं. "आत्ताच की, चहाच्या आधी."

आप्पांची बोटं सुटली तेव्हाच.

डॉक्टर म्हणतात योगायोग. नवरा म्हणतो, काळजीपोटी तूच प्रश्न विचारताना खुब्याकडे बोट करत असशील. पण नाकात मणी घातलेल्या पोरीला माझी काळजी काय कळणार? आणि आप्पांचा डावा खुबा मोडलाय हे तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं?

आप्पांचं ऑपरेशन नीट झालं, आता काठीनं चालतात. रेखाचे मेसेज येतात, मी उघडत नाही. परवा बागेतली डाळिंबं उतरवली. आप्पांनी टपोरी टपोरी निवडून पिशवी भरली आणि माझ्या हातात दिली. "ही रेखाला दे. त्या दिवशी लेकीवाणी उभी ऱ्हायली ती. हात किती हलका हाय तिचा!"

पिशवी माझ्या स्वयंपाकघरात पडून आहे. चार माणसांचा खुबा त्या दिवशी का दुखला, हे मला आजही सांगता येत नाही. आप्पा मात्र दर फोनला विचारतात, "पोचवलीस का गं?" आणि मी हो म्हणते.