जाड दांडा

खाणीत चालणाऱ्या जीप-ट्रकांची स्टिअरिंगं मजबूत करून देणारा एक मिस्त्री उमरेड रोडवर होता. चाकं वळवणारा कंपनीचा बारीक दांडा काढून तो जाड पोलादी दांडा बसवायचा. माझी स्कूटर तिथेच दुरुस्त होई. गिऱ्हाइकाशी तो जेमतेम बोले. गाडीला मात्र विचारी, "काहून वं, कुठं दुखून राहिलं तुले?"

एकदा एका ठेकेदाराच्या जीपचा दांडा चिरलेला निघाला.

"वेल्डिंग मारून दे गा, चालते," ठेकेदार म्हणाला.

"उतारावर तुटला तं?"

"तुले काय करायचं? गाडी माही हाय."

"पण चालवते हा," मिस्त्रीनं बाजूला उभ्या ड्रायव्हरकडे बोट केलं.

"राहू दे. दुसऱ्याकडून मारून घेतो."

मिस्त्रीनं गॅस-कटर पेटवला आणि बघता बघता दांड्याचे तीन तुकडे केले. "न्या शेठ."

ठेकेदारानं त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. दुसऱ्याची वस्तू न विचारता कापणं मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. शेवटी ठेकेदार चिडून म्हणाला, "टाक तुहा जाड दांडा!"

तेव्हा इतका वेळ उभा असलेला ड्रायव्हर मटकन जमिनीवरच बसला.