मागता न येणारं मागणं

लांज्यापासून आत सात किलोमीटरवरच्या एका वाडीत देवीपुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान रांबाड्यांच्या घराकडे आहे. बावीस वर्षं ते काम त्या घरातला आत्माराम करत आला. गाऱ्हाणं म्हणजे माणसांच्या वतीने देवीला केलेली विनवणी. ती एका दमात म्हणायची असते, मध्ये थांबलं की जमलेल्यांच्या होकाराचं ‘व्हय म्हाराजा’ विस्कटतं. कोणाची नोकरी, कोणाचं मूल, कोणाची कोर्टातली तारीख, सारं त्याच्या तोंडून देवीच्या कानी जाई. नियम एकच, वडिलांनी घालून दिलेला: दुसऱ्याचं वाईट होईल असं मागायचं नाही. भावकीतल्या माणसाच्या आंब्याच्या कलमांना मोहर धरू नये म्हणून एकाने आणलेला नारळ आत्मारामाने तसाच परत पाठवला होता.

तीन वर्षांपूर्वी शिमग्यात त्याचा दम गाऱ्हाण्याच्या मध्यावरच तुटला. तो चिरेखाणीत चिरे कापायचं मशीन चालवी. लाल धुळीने माखून घरी येणं रोजचंच, त्यामुळे खोकल्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहून सांगितलं, की दोन्ही फुफ्फुसांत चट्टे पडून ती आवळत चालली आहेत. धुळीचा त्यात वाटा किती, हे खात्रीने सांगता येणार नाही. पुढे घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. मग मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट केलं: औषधांचा उपयोग संपला, आता प्रत्यारोपण हाच मार्ग, आणि त्यालाही वर्षभराहून जास्त थांबता येणार नाही. खर्चाचं धाकट्या भावाने, नितेशने, दोन संस्थांचे उंबरे झिजवून मार्गी लावलं. प्रतीक्षायादीत नाव घालायला फक्त आत्मारामाची सही हवी होती.

सही न करताच तो फॉर्म घेऊन गावी परतला.

आठ दिवस त्याच्या बायकोने, मालनने, वाट पाहिली. नवव्या दिवशी चहाचा कप त्याच्यापुढे आदळून ती म्हणाली, “दाढ दुखली तर चार घरांना आयकू जाईल असं कण्हता. नि आता जीव चाललाय तर तोंडाला कुलूप! काय हाय ता बोला तरी.”

आत्माराम बोलला, पण तुकड्यातुकड्याने. “यादीत नाव घातलं... की मी कोणाच्या तरी मरणाची वाट बघत बसणार. रोज. फोन वाजला की... आनंद होणार मला. जे बावीस वर्षं कोणाला मागू दिलं न्हाय... ता सोतासाठी मागू?”

“आणि माझं वाईट झालं तर चालतं तुमच्या देवीला?” मालन म्हणाली. “ता कुठल्या गाऱ्हाण्यात बसतं?”

पुढच्या तपासणीला जायला तेवढा तो तयार झाला.

मुंबईच्या रुग्णालयात अवयव प्रत्यारोपणाचं काम पाहणारी समन्वयक मृणाली हिने त्याचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकलं. “काका, मी गुहागरची,” ती म्हणाली. “गाऱ्हाणं मलाही ठाऊक आहे. मेंदू मृत झालाय, हे चार डॉक्टर ठरवतात. सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात. प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी त्यांत कोणी नसतो. मग घरच्यांना विचारतात, आणि त्यांनी हो म्हटलं तरच यादी उघडते. रक्तगट, छातीचं माप, कोणाची तब्येत किती खालावली, हे बघून नाव निघतं. तुम्ही यादीत असा नाहीतर नसा, जाणारा माणूस जातोच.”

“पण वाट तर बघणारच ना मी?”

“बघणार. ते मी नाही म्हणत नाही.”

या प्रामाणिक उत्तराने आत्माराम जरा सैलावला.

“दुसरी बाजू सांगते,” मृणाली म्हणाली. “गेल्या वर्षी एका आईने मुलाचं सगळं द्यायला होकार दिला. मूत्रपिंडं गेली, यकृत गेलं, डोळे गेले. फुफ्फुसं चांगली होती, पण त्या मापाचं माणूस यादीत नव्हतं. शरीराबाहेर ती पाच-सहा तासांवर टिकत नाहीत. फुफ्फुसं तशीच राहिली. ती बाई अजून मला फोन करून विचारते, ‘माझ्या पोराच्या श्वासाला एकसुद्धा माणूस मिळाला नाही का गं?’”

वाईट हेतूने आणलेला नारळ परत पाठवणं आत्मारामाला जमलं होतं. मनापासून आणलेला परत पाठवायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. शेवटी त्याने शेजारी बसलेल्या मालनकडे हात केला. तिने पिशवीतून फॉर्म काढला, आणि पेन तर आधीच तिच्या हातात होतं.

गावात राहून चालणार नव्हतं. लांज्याहून मुंबई गाठायलाच आठ तास लागतात. नितेशने रुग्णालयाजवळ खोली पाहिली. त्या वर्षीच्या शिमग्यात गाऱ्हाणं चुलतभावाने घातलं. भाद्रपदात पहिला फोन आला. दोघं तातडीने पोचली, पण दात्याच्या फुफ्फुसांत संसर्ग निघाला आणि माघारी यावं लागलं. मालन रिक्षात रडली. आत्माराम तिला म्हणाला, “त्या घरातली आता काय करत असतील गं?” तिने डोळे पुसले.

दुसरा फोन मार्गशीर्षातल्या एका दुपारी आला, जेवणं अर्धी झाली असताना. या वेळी सगळं जुळलं. शस्त्रक्रिया सात तास चालली. तीन दिवस तो यंत्राच्या श्वासावर होता. चौथ्या दिवशी घशातली नळी काढली, तेव्हा नाकाला ऑक्सिजनची नळी होती, तरी छातीचा भाता स्वतःच्या बळावर हलत होता. डॉक्टरांनी त्याला बोलायची घाई करू नका म्हणून बजावलं.

त्याने ऐकलं नाही. मालन जवळ वाकली तेव्हा घोगऱ्या, पण सलग आवाजात त्याने विचारलं, “त्यांचं उरकलं ना सगळं नीट?”

कोणाचं, हे मालनला विचारावं लागलं नाही. देणाऱ्याचे अंत्यविधी नीट पार पडल्याचं तिने आदल्याच दिवशी मृणालीकडून जाणून ठेवलं होतं.