झाडात पेन राहतो

"आजी, जरा उभ्या राहा."

इंग्रजीचे सर असे म्हणाले तेव्हा मला वाटले, खुर्ची देतात. पालकसभा होती. खुर्च्या पुढच्या लोकांना पुरल्या, आम्ही मागे सतरंजीवर. गुडघ्यावर हात दाबून उभी राहिले. सरांच्या हातात माझ्या नातीची वही होती.

"हे उत्तर तुम्ही सांगितलं म्हणते ही."

"हो, मीच."

सरांनी वही वर धरली आणि आधी इंग्रजीत वाचले. "द ट्री लिसन्स. अवर पेन लिव्ह्ज इन इट." मग मराठीत, माझ्यासाठी. "झाड ऐकतं. आमचा पेन त्या झाडात राहतो." खिशातला पेन काढला. सगळ्यांना दिसेल असा धरला.

"हा पेन का आजी? मग रिफिल कुठे राहते? फांदीत?"

वर्ग फुटला. खिडकीला लटकलेली पोरे हसली. पुढच्या खुर्च्या हसल्या. हेडमास्तरांनी तोंडापुढे रजिस्टर धरले, पण खांदे हलत होते.

"पेड सुनता है ना? बुलाओ. तो कडुलिंब आहे पटांगणात. आवाज द्या. आला तर पोरीले पूर्ण मार्क."

मी उभीच. बसा असे कोणी म्हटले नाही. रोशनी, माझी नातीन, फळ्याजवळ उभी होती. नववीत. ती पायाकडे बघत होती. सभा संपेपर्यंत तिने माझ्याकडे पाहिले नाही. सर हसले ते मला लागले. हे जास्त लागले.

पेन म्हणजे देव. गोंडीत देवाला पेन म्हणतात. इतकी साधी गोष्ट. सालेकसा तालुक्यात नोकरी करायची, कचारगडच्या यात्रेला निम्मा वर्ग रिकामा होतो तो दरवर्षी बघायचा, आणि पोरे कुणाला भेटायला जातात ते एकदाही विचारायचे नाही. सर रोज गोंदियाहून मोटारसायकलने येतात. वाटेत जंगल लागते. त्यांना ते नुसते रस्त्याच्या कडेचे दिसते.

आणि हसणाऱ्यांत आमचेही लोक होते. ज्यांच्या घरी पेन आहे, तेही हसले. कोण कोण, ते मला आठवते.

आता उत्तर कसे झाले ते सांगते.

माझा मुलगा आणि सून कोहमाऱ्याच्या धाब्यावर कामाला आहेत. तो भट्टीवर, ती पोळ्यांवर. पोरगी माझ्याजवळ. दिवाळीनंतरचा रविवार होता, मी अंगणात धान पाखडत होते. ती वही घेऊन बाजूला बसली. इंग्रजीची कविता होती, कोण्या म्हाताऱ्या झाडाची. त्यातल्या ओळी घेऊन सांगायचे, कोणता अलंकार.

"अलंकार म्हणजे? नथ?"

"नाही व आजी. बोलण्यातले. हे पाह्य, सिमिली. तुयं तोंड हंडीच्या बुडासारखं काळं. 'सारखं' आलं का सिमिली."

"बरं."

"आन मेटाफर. त्याच्यात सारखं नाही म्हनायचं. तुयं तोंड हंडीचं बूड आहे. सरळ."

"हे तर भांडनच झालं."

ती खूप हसली. मग म्हणाली, हायपरबोली. निदान मला तसे ऐकू आले. मी म्हटले, "आपल्या झाडीबोलीवानी कोनती बोली आहे का ते? कुठं बोलतात?"

"बोली नाही, हायपर्बली! फेकाफेकी. एवढ्याचं एवढं करून सांगनं."

"मंग तुया आजाचीच भाषा."

शेवटी राहिला मोठ्या नावाचा. पर्सॉनिफिकेशन. मला ते नाव तोंडात बसवायला चार दिवस लागले. माणूस नाही त्याला माणसासारखे वागताना दाखवायचे, ते. कवितेत लिहिले होते, म्हातारे झाड ऐकते.

"हे तेच," रोशनी म्हणाली. "झाड ऐकत नाही, पन ऐकते म्हनलं."

"कोन म्हन्ते ऐकत नाही?"

"आजी, पुस्तकात..."

"थांब. आपन साज्याची फांदी तोडतो, तर आधी काय करतो?"

"पुसतो."

"कायले पुसतो? तो ऐकत नसन तर?"

आमच्या टोल्याच्या, म्हणजे वस्तीच्या, वरच्या अंगाला साजा आहे. फॉरेस्टवाले त्याला ऐन म्हणतात. त्यात आमचा पेन आहे. माझ्या सासऱ्याने त्याला विचारल्याशिवाय नांगराला लाकूड घेतले नाही. मी जंगलखात्याच्या नर्सरीत वीस पावसाळे रोपे लावली, प्रत्येक रोपाशी बोलले. वेडी म्हणून नाही. कामाची रीत म्हणून.

रोशनीने पेन्सिल चावली. मग लिहिले. यात अलंकार नाही. झाड ऐकते. आमचा पेन त्यात राहतो.

मी तिला खोटे सांगितले नव्हते. ती खोटे लिहून आली नव्हती. त्यावर लाल फुली पडली, ती पानभर. फुलीखाली सरांनी लिहिले होते, 'जंगली उत्तर'. म्हणजे उत्तर चुकले एवढेच नाही, उत्तर देणारे कुठले, तेही.

मला हे नवीन नव्हते. मी चौथीपर्यंत शिकले. पहिलीत गुरुजींनी लोटा दाखवून विचारले होते, यात काय आहे. मी म्हणाले, येर. गोंडीत पाण्याला येर म्हणतात. घरी दुसरा शब्दच नव्हता. गुरुजींनी हातावर छडी मारली आणि तो लोटा माझ्या डोक्यावर ओतला. म्हणाले, आता सांग काय आहे. मी काही बोलले नाही. चार वर्षे वर्गात काही बोलले नाही. मग घरी बसवले, तर तेही बरे वाटले.

तेव्हा मी गप्प बसले म्हणून गुरुजी सुधारले नाहीत. माझ्या मागून माझ्या भावाच्या डोक्यावर तोच लोटा ओतला.

सभेनंतर रोशनी शाळेत गेली नाही. पोरे वाटेवर ओरडायची, "ए रिफिल! ए रिफिल!" पहिल्या दिवशी पोट दुखते म्हणाली. दुसऱ्या दिवशी काहीच म्हणाली नाही. आठव्या दिवशी पुस्तके ट्रंकेत टाकली आणि म्हणाली, "मी आईकडं जातो. धाब्यावर पोया लाटतो."

"आन नववी?"

"तू काऊन आलतीस सभेत? मी म्हनलो असतो, चुकलं. बसलो असतो खाली. तू हो मीच म्हनलीस."

"मंग नाही म्हनू?"

"हो! म्हनाचं असते नाही!"

तिचे खरे होते. मी नाही म्हटले असते तर पोरगी शाळेत असती. पण मग ती आयुष्यभर नाही म्हणत राहिली असती. मी तिला थापडही मारली नाही, जवळही घेतले नाही. ट्रंकेवर बसले. म्हटले, माझ्यावरून उचल. आणि मनात एकच होते. नववीतून गेलेली पोरगी परत येत नाही. मी चौथीतून गेले होते, मला माहीत आहे.

ती धाब्यावर गेली नाही, पण शाळेतही गेली नाही. माघात पोलीस पाटलाच्या पोरीचे लग्न निघाले. मोठे शेतकरी आहेत. गावाला जेवण, शाळेच्या सगळ्या मास्तरांना निमंत्रण. पाटलीण स्वतः आली. "काकू, गारी तुमच्याबिगर होत नाही. या लागते."

आमच्याकडे लग्नात पंगत बसली की बाया गारी गातात. जेवणाऱ्याचे नाव घेऊन त्याची टिंगल. व्याह्याची, जावयाची, पाहुण्याची. पवार असो, गोंड असो, छत्तीसगडची वरात असो, गारी सगळीकडे. आणि तिचा एक कायदा आहे. गारीचा राग धरायचा नाही आणि पत्रावळीवरून उठायचे नाही. जो उठला तो हरला. मी पंधरा वर्षांची असल्यापासून गारी रचते. आजूबाजूच्या पंचवीस गावांत मला त्यासाठी नेतात.

मला कायदा माहीत होता. सर कुठे बसणार तेही मी पाटलीणीला विचारून ठेवले.

रोशनीला म्हटले, "त्या अलंकारांची वही काढ. पुन्हा सांग, एकेक."

"कायले?"

"मले होमवर्क आहे."

तिने सांगितले. कंटाळून सांगितले, पण सांगितले. ऐकता ऐकता मला कळले, हे सगळे मी जन्मभर करत आले. फक्त त्याला नावे आहेत आणि त्या नावांचे मार्क मिळतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. जे माझ्या जिभेवर होते ते शाळेच्या कपाटात कुलपात होते. आणि किल्ली त्याच्याकडे, जो मला उभी करून हसला.

लग्नाच्या पंगतीत सर हेडमास्तरांच्या शेजारी बसले. पत्रावळीवर भात आला, वरण आले. सरांनी पहिला घास घेतला आणि मी आवाज लावला. मागे दहा-बारा बाया.

"गोंदियाहून सर आला वो, फटफटीवर बसून,
तोंड त्याचं फुटक्या ढोलासारखं, वाजे आतून रिकामं."

पंगत हसली. सरही हसले. पाहुण्यावर एखादी गारी पडतेच.

"जीभ नाही ते कोयता हाय वो, पोरीच्या गळ्यावर चाले,
खिशामंदी पेन खोचला, रिफिल इसरून आले."

आता हसू मोठे झाले. सभेत होते ते सगळे पंगतीत होते. त्यांना कळले. सरांचे हसू गेले.

"अकलेची तहान एवढी वो, नवेगावचा बांध पिला,
तरी म्हने मी कोरडा, घसा ओला नाही झाला."

सरांनी हेडमास्तरांकडे पाहिले. हेडमास्तर वरणात बघत होते. सर अर्धे उठले. पाटलाच्या म्हाताऱ्या बापाने पंगतीतून आवाज दिला, "बसा सर. गारी हाय. गारीतून उठत नसतात." सर बसले. शेवटची ओळ मी हळू गायली, सगळ्यांना ऐकू जावी म्हणून.

"पत्रावळीवर भात हासे वो, वरण लाजून मरे,
म्हने कोनाच्या तोंडात चाललो, आपलं नशीबच बरे."

रोशनी पाणी वाढत होती. मी तिला काही शिकवले नव्हते, हे शपथेवर सांगते. ती पाण्याचा जग घेऊन नेमकी सरांसमोर आली होती. सगळे हसत होते. ती थांबली.

"सर, हे पर्सॉनिफिकेशन," ती म्हणाली. "कारण भात खरंच हासत नाही."

तिने जग दुसऱ्या हातात घेतला.

"साजा ऐकते. तो अलंकार नाही."

मग तिने सरांच्या ग्लासात पाणी ओतले. काठापर्यंत. पुढच्या पत्रावळीकडे गेली.

सोमवारी ती शाळेत गेली. मी ट्रंक उघडून दिली नाही, तिनेच उघडली.

बुधवारी मला बोलावणे आले. हेडमास्तरांच्या खोलीत सर होते. या वेळी खुर्ची दिली.

"आपने मेरी बेइज्जती की," सर म्हणाले. "भरी पंगत में. वो गाली थी."

"गाली नाही सर. गारी."

"एकच आहे ते."

"तुमाले एकच दिसते. पेन बी एकच दिसला होता."

हेडमास्तर मधे पडले. गोड बोलले. "आजी, दोन ओळींची माफी लिहून द्या. विषय संपवा. तोंडी परीक्षेचे मार्क सरांच्या हातात असतात. पोरगी हुशार आहे. तिचं नुकसान कायले?"

म्हणजे धमकी. गोड भांड्यात. बाहेर दाराशी रोशनी उभी होती. तिने ऐकले. तिचा चेहरा मला दिसला. भीती होती त्यावर, खोटे कशाला सांगू. ती आत वाकून हळूच म्हणाली, "आजी, लिहून दे. मार्क कापतीन."

मी कागद ओढला. हेडमास्तरांना बरे वाटले. मला लिहायला वेळ लागतो, दोघे वाट बघत बसले. मी लिहिले: 'रोशनीचे उत्तर बरोबर आहे. सर त्या उत्तराला वर्गात सगळ्यांसमोर हसले, तसे सगळ्यांसमोर हे सांगावे. आणि फुली खोडावी. माफीचे नंतर बघू.' खाली सही केली. अंगठा लावतील असे त्यांना वाटले असावे, शाईचा डबा टेबलावर काढून ठेवला होता.

सरांनी वाचले आणि कागद घडी करून टेबलाखालच्या टोपलीत टाकला.

मार्क कापले. वर्गात सगळ्यांत कमी तोंडीचे मार्क रोशनीला. लेखीत तिने भरून काढले आणि ती दहावीत गेली. सर तेच आहेत. फुली तशीच आहे. रोशनी मला म्हणाली, "आजी, बस आता. मायं मी पाहून घेतो." तिचे ती बघेल, मला खात्री आहे. ती आता वर्गात हात वर करते आणि सर दुसऱ्याला विचारतात. तरी ती हात खाली घेत नाही.

पण तिचा हिशेब वेगळा आणि माझा वेगळा. तिला पास व्हायचे आहे. मला काहीच व्हायचे नाही. माझे मार्क कोणी कापू शकत नाही.

या उन्हाळ्यात मी सात लग्ने केली. सातही ठिकाणी ती गारी गायली, सरांचे नाव घेऊन. इथे नाव लिहीत नाही. नाव गारीत आहे, ज्याला पाहिजे त्याने लग्नाला यावे. तिसऱ्या लग्नात ती मला सुरू करावी लागली नाही, बायांनीच उचलली. आमगावकडच्या दोन बाया ती लिहून घेऊन गेल्या. आता दोन कडवी वाढली आहेत. एक तोंडी परीक्षेचे, एक टोपलीतल्या कागदाचे.

ऐकते की सरांनी बदलीचा अर्ज टाकला. टाकू देत. देवरीला जावे, आमगावला जावे, तिरोड्याला जावे. माझ्या नणंदा, भाच्या, सुनांच्या माहेरच्या सगळ्या त्याच गावांत आहेत आणि सगळ्यांना गळा आहे. कुठेतरी पंगत बसेल, पत्रावळ मांडली जाईल, आणि त्यांना बसावे लागेल.

लोक म्हणतात, म्हातारे, वय झाले, आता सोड. मी सोडणार नाही. ती फुली त्याच वर्गात, सगळ्यांसमोर खोडली जाईपर्यंत गारी थांबणार नाही. आणि खोडल्यावर थांबेल, असे मी कुठेही म्हटलेले नाही.