वेरूळच्या मुलीचा प्रश्न

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं ते अर्धं — आणि अर्धं सांगणं म्हणजे खोटंच की.

मी संभाजीनगरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. शिकवतो म्हणजे काय — नोट्स सांगतो, पोरं उतरवून घेतात. मीही असाच शिकलो. गंगापूरकडचं आमचं बागायतदार घर. तिथं थोरल्यांपुढं प्रश्न विचारला की उद्धट ठरायचो. पुढं कॉलेजात गाईडं पाठ केली, नंबरात आलो, नोकरी लागली. विचार करण्यात काही मजा असते, हे मला कुठून ठाऊक असणार?

मग ती वर्गात आली. वेरूळहून एसटीनं यायची. बौद्ध कुटुंब, वडील लेण्यांबाहेर माळा विकायचे. एकदा हसत म्हणाली होती, वडील रोज जेवताना विचारतात — आज वर्गात काय विचारलंस? काय शिकलीस नव्हे, काय विचारलंस! मला रागच आला. खरं सांगू? हेवा वाटला.

त्या दिवशी मी कैलास लेण्याच्या नोट्स सांगत होतो. एकच अखंड खडक, वरून खाली कोरत आणलेला. तिनं हात वर केला. "सर, दगड परत चिटकवता येत नाय. मग एखाद्याची छन्नी चुकली तर काय करत असतील? का त्या चुकीतूनच दुसरं कायतरी घडवायचे?"

डोळे नुसते चमकत होते पोरीचे. मागच्या बाकांवरचे हातही लिहायचे थांबले. मी ती लेणी लहानपणापासून पाहतोय, पण असा प्रश्न मला जन्मात पडला नव्हता. "माहीत नाही, शोधू या" — एवढं म्हणायला माझं काय जात होतं?

बायकोला मी सांगितलं की, अभ्यासक्रमाबाहेरचं विचारू नकोस असं तिला म्हणालो. तसं म्हणालो नाही मी. मी म्हणालो, "तुम्हा लोकांना प्रश्न फार पडतात. सांगतोय ते गुमान लिहून घे."

तुम्हा लोकांना. वर्गात कुणाला अर्थ विचारावा लागला नाही. काही पोरं हसली. माझ्याच गावाकडची होती ती. त्यांचं हसू ऐकून मला बरं वाटलं — हो, बरं वाटलं. ती पोरगी खाली बसली आणि लिहायला लागली.

त्यानंतर तिनं कधी हात वर केला नाही. माफी मागायला माझ्याकडं पुढची अख्खी दोन वर्षं होती. हजेरी घेताना तिचं नाव आलं की मी घाईनं पुढच्या नावाकडं पळायचो. आता घरी माझी मुलगी काही विचारायला लागली तरी मी दचकतो. ती म्हणते, बाबा, असं काय बघताय?

निकालानंतर ती वेरूळची मुलगी पेढे घेऊन आली. पहिला वर्ग मिळाला होता. "सर, तुमच्या नोट्स लई कामाला आल्या," म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, एम.ए. इतिहासातच करणार ना?

"नाय सर. आधी लई गोडी होती, आता नाय राहिली. कधी गेली, कळलंच नाय."

मला कळलं होतं. मी पेढा तोंडात टाकला आणि छान आहे म्हणालो.