दिनामावशीच्या पुस्तकातली फाटलेली पानं

धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं काढली. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. इतरांच्या न उलगडणाऱ्या अनुभवांना मी स्वतः हसले आहे... त्यामुळे तुम्ही हसलात तरी चालेल.

माझं माहेर रोह्याचं. आमच्या शेजारी दिनामावशी राहायची. कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, एकटीच. तिच्याकडे मुलांच्या गोष्टींची पेटीभर पुस्तकं होती, गल्लीतल्या पोरींना ती वाचायला द्यायची. त्यातल्या एका पुस्तकाची शेवटची पानं मी शाळेच्या चिकटवहीसाठी फाडली. चित्रं कापून घेतली, बाकीचं न वाचताच फेकलं. माझ्यानंतर ते पुस्तक माझ्या वर्गातल्या कुसुमनं नेलं. तिनं परत आणून दिलं तेव्हा मावशीनं चाळून बघितलं आणि म्हणाली, "कुसुम, ही पानं कुठं गेली?" मी तिथेच उभी होते. बोलले नाही.

कुसुमला पुन्हा कधी पुस्तक मिळालं नाही. मावशी इस्राएलला गेली तेव्हा पेटी मला देऊन गेली... मी पुस्तकं जपते म्हणून!

आता मी पेणला असते. गेल्या वर्षी सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना जुन्या, विसरल्या गेलेल्या लेखकांच्या गोष्टी वाचून दाखवायला लागले. एका रविवारी तेच पुस्तक घेतलं. हरवलेली बकरी शोधत खाडीपलीकडे गेलेल्या मुलीची गोष्ट. पानं संपतात तिथे थांबायचं, शेवट मुलांना सुचवू द्यायचा, असं ठरवलं होतं. मी थांबले. टाळ्या पडल्या. एवढंच मला आठवतं.

घरी माझ्या मुलीनं मोबाईलवर काढलेला व्हिडिओ लावला. "आई, मागे पानंच नाहीत. मग तू वाचतेयस काय?"

व्हिडिओत मी रिकाम्या पुठ्ठ्याकडे बघत तीन-चार मिनिटं वाचत होते. आवाज माझाच. गोष्टीतली मुलगी एका म्हातारीच्या दाराशी पोचते, लोक तिला चोर म्हणत असतात, आणि म्हातारी म्हणते, "तू काय चोरलं नाय गो. मला ठाव हाय. ये घरात."

मी असं बोलत नाही. पुस्तकातही कुठे अशी भाषा नाही.

न केलेल्या चोरीचा आळ आलेली एकच मुलगी मला माहीत होती. मग रोह्याला भावाकडून पत्ता घेतला आणि एसटीनं कुसुमच्या सासरी गेले, गागोद्याच्या बाजूला. ती अंगणात वाल सोलत बसली होती. पानं मी फाडली होती, हे आधी सांगितलं. ती सोलत राहिली. मग व्हिडिओ लावला.

कुसुमचे हात थांबले. "ह्यो शेवट तुला कोनी सांगितला?"

"कुणीच नाही."

"माझा हाय त्यो. पानं नव्हती म्हनून मी मनानं केलेला. पोरं झोपवताना सांगायची. घराबायेर कुनाला म्हाईत नाय."

शब्द न् शब्द तोच होता. तिच्या मोठ्या मुलानं आतून येऊन ऐकलं आणि पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवलं.

तिचे शब्द माझ्या तोंडी कसे आले, मला आजही सांगता येत नाही. कुसुमनं ते विचारलंही नाही. तिनं एवढंच विचारलं, "मावशीला मंग कदी सांगितलंस का, मी नव्हतं फाडलं म्हनून?"

मावशी तिकडेच वारली, त्याला बारा वर्षं झाली. मी मान हलवली, नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि सूप ओढून पुन्हा वाल सोलायला लागली.